फिजिओथेरपीचे विद्यार्थी संशोधनाकडे कसे पाहतात? सोलापूरच्या एका ओपीडीतून

धागाकर्ती : गोनियोमीटर

सोलापुरातल्या एका फिजिओथेरपी महाविद्यालयात मी अकरा वर्षे शिकवते आहे आणि इंटर्नशिपच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करणे हा माझ्या कामाचा भाग आहे. गेल्या महिन्यात सहा जणांचा गट समोर येऊन बसला आणि दरवर्षीचेच वाक्य कानावर आले, "मॅडम, लवकर संपेल असा एखादा टॉपिक द्या." या वेळी टॉपिक देण्याऐवजी मी विचारले, की गेल्या आठवड्यात ओपीडीत तुम्हाला न उलगडलेली गोष्ट कोणती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीने सांगितले, की मान आणि उजवा अंगठा दुखतो म्हणून आलेल्या एका विडी कामगार बाईंना तिने खाली बसून काम करू नका, खुर्चीवर बसा, असा सल्ला दिला होता. त्यावर बाई म्हणाल्या, "खुर्चीवर बसलं की सूप मांडीवर ठरत नाही, आणि सूप ठरलं नाही तर हजार विड्या होत नाहीत." मुलीकडे यावर उत्तर नव्हते. ती मला म्हणाली, "पण हा काही रिसर्चचा टॉपिक होणार नाही ना मॅडम? यात मशीन कुठेच नाही."

ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

चार वर्षे अभ्यास करून आलेल्या मुलांच्या मनात संशोधनाचे एक ठरावीक चित्र तयार झालेले असते. गुडघेदुखीचे किंवा मानदुखीचे तीस रुग्ण घ्यायचे, त्यांचे पंधरा-पंधराचे दोन गट करायचे, एका गटाला अल्ट्रासाऊंड (दुखऱ्या भागावर ध्वनिलहरींचा उपचार) आणि व्यायाम, दुसऱ्याला टेन्स (त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह) आणि व्यायाम द्यायचा, चार आठवड्यांनी पुन्हा व्हीएएसवर, म्हणजे दुखणे किती हे रुग्णाने खूण करून दाखवायच्या पट्टीवर, वेदना मोजायची आणि दोन्ही उपचार परिणामकारक आहेत असा निष्कर्ष लिहायचा. दोन्ही गटांना व्यायाम मिळाला आहे, चार आठवड्यांत पुष्कळांचे दुखणे आपोआपही उतरते, आणि माणूस दवाखान्यात येतो तोच दुखणे शिगेला पोचल्यावर, त्यामुळे पुढच्या मोजणीत आकडा कमी येण्याचीच शक्यता जास्त असते, या तीन गोष्टींचा विचार त्या चित्रात कुठेच नसतो. मुले हुशार आहेत. त्यांना हे एकदा समजावून सांगितले की लगेच कळते. मग चार वर्षांत ते कधी कळले नाही, याची जबाबदारी आम्हा शिक्षकांकडे येते.

मनोवृत्तीबद्दल म्हणाल तर कोणीही मला संशोधन निरुपयोगी आहे असे सांगितलेले नाही. सगळे म्हणतात, की संशोधन महत्त्वाचे आहे, पण मला तर क्लिनिक काढायचे आहे. हा आदर लांबूनच हात जोडण्याचा आहे. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या पाहणीवर आधारलेला एक शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला होता, त्यातही बहुतेकांनी पुराव्यावर आधारित उपचारांना पाठिंबा दिला होता आणि मुख्य अडचण म्हणून वेळेची कमतरता सांगितली होती. म्हणजे ही दुविधा केवळ आपल्याकडची नाही.

परंतु क्लिनिक काढणाऱ्यालाच संशोधनाची गरज सर्वांत जास्त असते, असे मला वाटते, आणि त्यासाठी मी वर्गात कंबरदुखीचे उदाहरण देते. कंबर धरली की झोपून राहा, फळीवर झोपा, हा सल्ला आपल्या घरोघरी अजून दिला जातो. १९८६ साली टेक्सासमध्ये २०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली गेली. दुखणे कमी होण्यात दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे सरासरी ३.१ दिवस बुडाले आणि सात दिवसवाल्यांचे ५.६. पुढे १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरील अभ्यासात तर झोपून राहणाऱ्यांपेक्षा आणि ठरावीक व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, झेपेल तेवढे रोजचे काम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर उभ्या असलेल्या, ज्याचा पगार मीटरवर ठरतो अशा माणसासाठी या अडीच दिवसांची किंमत काय आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगावे लागत नाही, कारण त्यांतल्या अनेकांच्या घरातच लूम आहे. तरीही तो शोधनिबंध आणि घरातला लूम यांची गाठ त्यांच्या मनात पडलेली नसते.

विद्यार्थी, व्यावसायिक आणि रुग्ण अशा तिन्ही बाजूंनी आपला अनुभव मोकळेपणाने लिहावा, ही विनंती.

प्रतिसाद : बार्शीकर इंटर्न

मॅडम, मी आपल्या महाविद्यालयाची नाही, पण वाचताना माझ्याच गटाबद्दल लिहिले आहे असे वाटले, म्हणून खरे ते लिहिते.

दहावीपर्यंत माझे शिक्षण बार्शी तालुक्यातल्या मराठी शाळेत झाले. पाठ्यपुस्तकातली इंग्रजी मी दोन वर्षांत आपलीशी केली, पण शोधनिबंधातली इंग्रजी वेगळी असते. त्यात एकेक वाक्य अटी घालत घालत पुढे जाते आणि शेवटी लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे हे हातातून निसटते. रिसर्च मेथडॉलॉजी आम्हाला पाच गुणांच्या प्रश्नांसाठी शिकवली गेली. सॅम्पलिंगचे प्रकार मी आजही झोपेत सांगेन, परंतु एखादा छापील शोधनिबंध समोर ठेवून यातली चूक शोधा असे आम्हाला एकदाही सांगितले गेले नाही. टॉपिक सीनियरच्या पेन ड्राइव्हमधून येतो, त्यात गुडघ्याच्या जागी खांदा आणि चार आठवड्यांच्या जागी सहा आठवडे होतात. सकाळी पोस्टिंग, संध्याकाळी एका क्लिनिकमध्ये काम, आणि रात्री उरलेल्या वेळात जे होते त्याला आम्ही रिसर्च म्हणतो.

एक गोष्ट सांगायला जड जाते. तिसऱ्या वर्षी आमच्या गटाने एक छोटा प्रकल्प केला होता. त्यातील पाच रुग्ण दुसऱ्या आठवड्यानंतर आलेच नाहीत. सादरीकरणाला दोन दिवस राहिले होते. आम्ही त्यांचे शेवटचे आकडे इतरांच्या सरासरीकडे पाहून भरले. कोणी विचारले नाही. प्रकल्पाचे कौतुक झाले, आणि त्या दिवसापासून मला छापील तक्ता पाहिला की त्यातले किती आकडे असेच भरले असतील, हा प्रश्न पडतो. संशोधनाबद्दलची माझी मनोवृत्ती विचाराल तर ती या प्रसंगाने घडलेली आहे.

प्रतिसाद : गोनियोमीटर

आपण हे लिहिलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे. ती चूक होती, आणि ती चूक आहे हे आपल्याला तेव्हाच जाणवले होते, हे मी फार मोलाचे मानते. त्या वेळी आपल्याला एवढेच कोणी सांगायला हवे होते, की रुग्ण आला नाही ही सुद्धा नोंदच आहे. पंधरांपैकी पाच जण थांबले असतील तर तो उपचार त्यांना परवडला नाही, किंवा झेपला नाही, किंवा दुखणे थांबले म्हणून यायची गरज राहिली नाही. यांतले खरे कारण काय, हे विचारायला फोन केला असता तर कदाचित तोच आपल्या प्रकल्पाचा सर्वांत वाचनीय भाग झाला असता. किती जण सुटले आणि का, हे चांगल्या चाचणीत स्पष्ट लिहिलेले असते, आणि ज्याला ज्या गटात टाकले त्याचा हिशेब शेवटपर्यंत त्याच गटात धरतात, मग त्याने उपचार पूर्ण केले असोत वा नसोत. आपल्याकडे गड्ड्याची यात्रा येते, आषाढी येते, कापणीचे दिवस येतात आणि ओपीडी निम्मी होते. हे आधीच ठाऊक असताना रुग्णसंख्या ठरवताना आपण ते धरत नाही, हा दोष नियोजनाचा आहे.

प्रतिसाद : सात रस्ता

मी सत्तावीस वर्षे या शहरात प्रॅक्टिस करतो आहे. मॅडमविषयी आदर राखून एक वेगळी बाजू मांडतो.

माझे हात रुग्णांनी घडवले आहेत. मधुमेही माणसाचा आखडलेला खांदा किती ताणावा आणि कोठे थांबावे, हे मला कोणत्याही शोधनिबंधाने शिकवले नाही. शिवाय बाहेरच्या देशांत तयार झालेल्या मोजपट्ट्या आपल्या माणसांना लागू पडतात का, ही माझी जुनी शंका आहे. गुडघ्याच्या सांधेझिजेसाठी वॉमॅक नावाची चोवीस प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र वापरतात. तिच्या मूळ रूपात मोटारीत चढणे-उतरणे, बाथटबमध्ये शिरणे आणि मोजे घालणे यांविषयी विचारले आहे. माझ्याकडे येणारी साठीची बाई मोजे घालत नाही. तिला पाटावर मांडी घालून जेवायचे असते, देवापुढे बसून उठायचे असते आणि गावाकडच्या संडासात उकिडवे बसायचे असते. तिचे जगणे ज्या कागदावर नाही, त्या कागदावरचे गुण सुधारले म्हणून मी तिला बरी झाली असे कसे म्हणू? विद्यार्थी हे सगळे पाहतात आणि संशोधनाला परके मानतात, यात त्यांचा फारसा दोष नाही.

प्रतिसाद : मध्यमान

मी डॉक्टर नाही. सांख्यिकी शिकवण्यात आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर वैद्यकीय व फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांचे एक्सेल शीट घेऊन घरी येणे चालू आहे. त्या अनुभवावर लिहितो, थोडे विस्ताराने.

विद्यार्थी माझ्याकडे येतो तेव्हा काम संपलेले असते. तो म्हणतो, "सर, पी व्हॅल्यू काढून द्या," म्हणजे खरा फरक नसतानाही केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता किती, तो आकडा. मी विचारतो, प्रत्येक गटात पंधराच का घेतले? उत्तर येते की सगळे तेवढेच घेतात. हिशेब करून पाहू. व्हीएएसवर वेदना शून्य ते दहा सेंटिमीटर मोजली जाते. समजा रुग्णांमधील प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेले आहेत याचे माप, दोन सेंटिमीटर आहे, आणि दोन उपचारांत खरोखर एक सेंटिमीटरचा फरक आहे. तो फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल आणि चुकून फरक आहे म्हणण्याची शक्यता ५ टक्क्यांवर रोखायची असेल, तर नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात सुमारे ६३ माणसे लागतात. फरक दोन सेंटिमीटरचा असेल तर सुमारे १६ पुरतात. म्हणजे पंधरांच्या गटात फक्त मोठा फरक दिसू शकतो. व्यायाम दोन्हीकडे असल्यावर उरलेला फरक मोठा असणार नाही हे आधीच दिसत असते, त्यामुळे तो अभ्यास सुरू होण्यापूर्वीच निरुत्तर ठरलेला असतो. तीस रुग्णांचा आणि एका मुलाच्या सहा महिन्यांचा वेळ त्यात जातो, याचे मला वाईट वाटते.

दुसरी चूक याहून सर्रास होते. पहिल्या गटात आधी आणि नंतर असा फरक तपासला, पी ०.०३ आला. दुसऱ्या गटात ०.०८, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेपेक्षा जास्त, आला. मग लिहिले जाते की पहिला उपचार सरस. हा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. तुलना दोन गटांची परस्परांशी करावी लागते, आणि ती केल्यावर बहुतेक वेळा फरक नाहीसा होतो. हे मी सांगतो तेव्हा मुलांचे चेहरे उतरतात, कारण फरक नाही असा निष्कर्ष म्हणजे नापास होणे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत त्यांच्या मनात कोणी घातली, हे मार्गदर्शकांनी स्वतःला विचारावे.

सात रस्ता यांना एक सांगावेसे वाटते. तुमचा पाटाचा आणि मांडीचा मुद्दा मला शोधनिबंधांतल्या अनेक मुद्द्यांपेक्षा भक्कम वाटला. तो संशोधनाविरुद्धचा पुरावा म्हणून का मांडता? सोलापूरच्या गुडघ्याला कोणते प्रश्न विचारावेत, हाच तर अभ्यासाचा विषय आहे.

प्रतिसाद : गोनियोमीटर

मध्यमान सरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुराव्यावर आधारित वैद्यकाचा अर्थ मांडला, तेव्हा उपलब्ध पुराव्याबरोबर उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा यांनाही त्यात जागा दिली होती. त्यामुळे सत्तावीस वर्षांचे हात या मांडणीच्या आतच आहेत.

पण अनुभव एकटा असला की तो फसवतो, हेही खरे आहे. अल्ट्रासाऊंडचे उदाहरण घ्या. रुग्णाला बरे वाटते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. २००१ साली एका आढाव्यात ३५ चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी पद्धतीच्या कसोटीवर टिकल्या फक्त दहा, आणि त्या दहांतील आठ चाचण्यांत खरे अल्ट्रासाऊंड आणि बंद ठेवलेले यंत्र यांत उपयुक्त फरक दिसला नाही. आपण जे पाहत होतो त्यात यंत्राचा वाटा किती आणि वेळेचा, स्पर्शाचा, विश्वासाचा वाटा किती, हे नुसत्या पाहण्यातून वेगळे करता येत नाही. विद्यार्थ्याला हे एकदा जाणवले की संशोधनाची गरज पटवून द्यावी लागत नाही.

प्रतिसाद : सात रस्ता

अल्ट्रासाऊंडबद्दल मी वाद घालणार नाही. रुग्ण "मशीन लावा" म्हणतो आणि आम्ही लावतो, हे मान्य करतो. पाट आणि मांडीच्या विषयावर कोणी विद्यार्थी काम करणार असेल तर माझे क्लिनिक त्याला खुले आहे.

प्रतिसाद : ताणाबाणा

रुग्णाच्या बाजूने लिहावे असे मॅडमनी म्हटले आहे, म्हणून लिहीत आहे. आमचे घर पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात. आईने तीस वर्षे विड्या केल्या आणि वडिलांचे आयुष्य लूमवर गेले. काही वर्षांपूर्वी आईला खांद्यासाठी एका ठिकाणी व्यायामाला नेत होतो. तिथे एका विद्यार्थ्याने तिची सही घेतली. कागद इंग्रजीत होता, तोंडी सांगितले ते मराठीत. आईला मराठी बाजारापुरते येते. घरी आल्यावर ती मला म्हणाली, की सही केली नसती तर शेक दिला नसता. तो मुलगा स्वभावाने फार चांगला होता, तिला अम्मा म्हणून हाक मारायचा, आणि मला खात्री आहे की तिला असे वाटत असेल याची त्याला कल्पनाही नव्हती.

महिनाभर तो तिचा हात किती वर जातो हे मोजत राहिला. मग त्याची पोस्टिंग बदलली. त्या मोजण्यातून काय निघाले, हे आम्हाला कोणीही कधी सांगितले नाही. आई कितीतरी दिवस विचारत होती, की त्या मुलाच्या वहीत माझ्याबद्दल काय लिहिले असेल. माझी एवढीच विनंती आहे की संशोधन शिकवताना हेही शिकवावे.

प्रतिसाद : सिनॉप्सिस

ताणाबाणा यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते आणि नकार दिल्यास तिच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. नियम आहे, पण एथिक्स कमिटीपुढे कागद जातो, अम्मांची समजूत जात नाही. सोलापुरात मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड भाषांतील संमतीपत्रे तयार असायला हवीत, आणि ती त्या भाषा घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यायला हवीत.

मी एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतले पदव्युत्तर शिक्षण, केले तेव्हाची आणखी एक गोष्ट नोंदवते. उपचारांची चाचणी असेल तर ती सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत, पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंदवावी लागते. ही नोंदणी २००७ पासून सुरू आहे, ती विनामूल्य आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून काम सुरू झाल्यावर नोंद घेतली जात नाही. आमच्या बॅचला हे काम सुरू झाल्यावर कळले. काय मोजणार हे आधी जाहीर करावे लागले की नंतर सोयीचा आकडा निवडता येत नाही, हा त्यामागचा हेतू समजला असता तर तो आम्हाला आणखी एक फॉर्म वाटला नसता. बार्शीकर यांनी भाषेची आणि पैशांची अडचण ओळखून पेड्रोपासून सुरुवात करावी. फिजिओथेरपीच्या चाचण्यांचा हा संग्रह १९९९ पासून सर्वांना विनामूल्य खुला आहे, आणि त्यातील बहुतेक चाचण्यांना पद्धतीच्या कसोटीवर दहापैकी गुण दिलेले असतात. रोज एका चाचणीचा सारांश वाचावा आणि तिचे गुण कोठे गेले हे स्वतः शोधून पाहावे.

प्रतिसाद : बार्शीकर इंटर्न

पेड्रो कालपासून वाचायला घेतले आहे. पहिल्याच चाचणीत, मोजणाऱ्याला गट माहीत होता म्हणून एक गुण गेला होता, आणि माझ्या लक्षात आले की आमच्या प्रकल्पात उपचारही मीच देत होते आणि मोजतही मीच होते.

मॅडम, त्या विडीवाल्या बाईंचा विषय आपल्या गटाने घेतला का, हे जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद : गोनियोमीटर

घेतला आहे. कोणताही उपचार तपासायचा नाही, असे मुलांनीच ठरवले. १९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली वापरून शरीराच्या नऊ भागांपैकी कोठे, गेल्या सात दिवसांत आणि गेल्या बारा महिन्यांत त्रास झाला, हे विचारायचे आणि त्याच्या जोडीला प्रत्येक बाई बसते कशी, पाठीला टेकू आहे का, पाने कापताना आणि विडी वळताना मान किती वाकते, याची नोंद तिच्या घरी जाऊन करायची. गटातल्या दोघी घरी तेलुगू बोलतात. प्रश्नावलीचे भाषांतर एकीने केले आहे. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या व्यक्तीने ते उलट इंग्रजीत आणल्यावर तीन प्रश्नांचा अर्थ बदलल्याचे दिसले, म्हणून ते पुन्हा लिहिणे चालू आहे. मध्यमान सरांशी संख्येविषयी बोलणे झाले आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत कोणाकडूनही माहिती घ्यायची नाही, हे मुलांना नीट समजले आहे.

ताणाबाणा, आपल्या आईंच्या प्रश्नामुळे प्रस्तावात एक कलम वाढवले आहे. काम संपल्यावर ज्यांच्याकडून माहिती घेतली त्या प्रत्येकीच्या घरी जाऊन, तिच्या भाषेत, काय आढळले ते सांगायचे. मार्गदर्शक म्हणून पहिल्या फेरीला मी स्वतः जाणार आहे. तेलुगूत ते कसे सांगावे, यासाठी आपण आणि अम्मांनी आमच्या मुलींना एक दुपार दिलीत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद : ताणाबाणा

आईला विचारले. रविवारी चारनंतर या म्हणाली.